अमेरिकेची मेल दुपारी येते

"आली! काका, आली बघा!" हॉलमधून सृष्टी ओरडली, आणि गॅलरीत कंटाळून उभ्या असलेल्या सगळ्या मुली आपापल्या खुर्चीकडे पळाल्या.

किचनमध्ये बाळ देवस्थळी स्टुलावर बसले होते, ते ताडकन उठले. ओट्यावर, जिथे इतरांच्या घरी शेगडी असते तिथे, सर्व्हर ठेवलेला, आणि त्याचा चिमुकला हिरवा दिवा नुसता लुकलुक लुकलुक. एक मेल, दुसरी, पाचवी, मग मोजायचं सोडूनच द्यायचं. नळ सुटावा तशा. आणि घड्याळात बारा कधीच वाजून गेलेले.

"समद्या कालच्याच हायेत," सृष्टी आत डोकावून म्हणाली. ती धायरीतलीच, पलीकडच्या गल्लीतली. "आवो काका, ह्या मेली अमेरिकेतनं चालत येत्यात का काय?"

"चालत आल्या असत्या तर तुझ्याआधी पोचल्या असत्या," बाळ म्हणाले. पलीकडच्या गल्लीतून यायलाही सृष्टीला रोज उशीर व्हायचा.

ती हसत पळाली. पण बाळ हसले नाहीत, कारण बेडरूमचं दार उघडलं होतं आणि आनंद बाहेर आला होता. आनंद म्हणजे मालक. वय तिशीच्या आतलं, मूळचा वर्ध्याचा, एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यानं हा फ्लॅट भाड्यानं घेतला आणि धंदा टाकला. धंदा असा, की अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर पेशंट तपासतात आणि काय तपासलं ते मशीनवर बोलून ठेवतात. ते बोलणं मेलनं पुण्याला येतं. त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र, म्हणजे सकाळी मुली ऑफिसात येतात तेव्हा सगळं येऊन पडलेलं असायला पाहिजे. मुलींनी कानाला हेडफोन लावायचा, ऐकायचं, टाइप करायचं आणि तिकडे उजाडायच्या आत परत पाठवायचं. दोन हजार दोन साल होतं, आणि असल्या धंद्यांचं पुण्यात नुसतं पीक आलं होतं. कागदावर तर एकदम झकास.

फक्त मेल सकाळी नसायची. दुपारी यायची.

"काका, हे काय होऊन राहिलं?" आनंद म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तिकडचा माणूस म्हणते, मी रात्रीच पाठवलं. आपल्या पोरी सकाळपासून रिकाम्या बसून राहतात, अन् दुपारी एकदम ढीग. मग घाई, मग चुका. काल डाव्या पायाच्या जागी उजवा पाय गेला. उद्या तिकडे कोणाचा चांगला पाय कापला म्हणजे?"

"मी बघतोय ना."

"तुम्ही पाहून राहिले, मला दिसते. पण काका, या महिनाअखेरपर्यंत पाहू. नाही झालं तर मेल बाहेरच्या कंपनीला देऊन टाकतो, ते सांभाळतील. मग हा डब्बा इथे ठेवायचं कामच नाही."

डब्बा म्हणजे सर्व्हर. बाळ 'बरं' म्हणाले. आणि मान खाली घालून परत स्टुलावर बसले, पण बसणं कसलं, पाय आपला हलतोय, बोटं ओट्यावर वाजतायत. डब्बा गेला की स्टूल गेलं, आणि स्टूल गेलं की आपण. एवढं गणित त्यांना न मांडता येत होतं.

आता तुम्ही म्हणाल, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला या स्टुलाचं एवढं काय? तर बाळ देवस्थळी हा माणूस स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हताच मुळी. अख्खी नोकरी बँकेत, कारकून म्हणून. नाव बाळ, म्हणून साहेबापासून शिपायापर्यंत सगळे 'बाळासाहेब' म्हणायचे. मग बँकेनं ती स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, शाखेत एकानं अर्ज केला, दुसऱ्यानं केला, यांनीही केला. निरोपसमारंभात हार घालून घेतला आणि पुढच्या सोमवारी सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून, खिशाला पेन लावून तयार झाले, आणि मग लक्षात आलं की जायचं कुठे?

त्यानंतर त्यांनी घरातले सगळे पंखे काढून पुसले. सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह दुरुस्त केला, जो बिघडलेला नव्हता. भाजीला थेट मंडईत जायला लागले, दिवसातून दोनदा, शेवटी एका भाजीवालीनंच विचारलं, "दादा, खानावळ काढली का?" घरी येऊन त्यांनी पद्मजाबाईंच्या फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावले.

पद्मजाबाई शाळेत गणित शिकवायच्या. संध्याकाळी दमून आल्या, साखरेच्या जागी त्यांना रवा मिळाला. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, बँकेनं सोडलं ते ठीक आहे. पण आता माझे डबे तुम्ही सोडा."

अशातच एकदा अप्पा बळवंत चौकात त्यांना एक कॉम्प्युटरचं मासिक मिळालं, त्याबरोबर एक सीडी. लिनक्स. फुकट. फुकट म्हटल्यावर बाळना आधी संशयच आला. पण मासिकात लिहिलं होतं की हे सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, आणि अडलं तर कुणालाही विचारा, अनोळखी माणसं उत्तर देतात. ओळख नाही, पगार नाही, तरी देतात! ज्या माणसानं आयुष्यभर साध्या टाचण्या मागवायला तीन प्रतींत मागणीपत्र भरलं, त्याला हे वाचून झोप येईना. राजस, म्हणजे मुलगा, नोकरीला बंगलोरला गेला होता, त्याचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. तो पुसला, सीडी घातली, आणि दिवसभरात असा काही अडकवून ठेवला की पडद्यावर नुसता काळोख.

मग त्यांनी पुण्यातल्या लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर पहिली मेल टाकली. लिस्ट म्हणजे काय, एकानं लिहिलं की शेकडो जणांना जातं, आणि ज्याला येतं तो उत्तर देतो. सगळी पोरं तिथे 'हाय गाइज' करून लिहायची. बाळनी लिहिलं बँकेच्या इंग्रजीत. त्याचं मराठी करायचं तर: 'विषयांकित बाबीस अनुसरून सविनय कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकाराच्या संगणकाचा पडदा आज रोजी काळा झाला असून, याबाबत आपले स्तरावरून योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

शंभू नावाचा एक दादा माणूस होता त्या लिस्टवर, त्याचं उत्तर आलं: 'काका, ही लिस्ट आहे, कलेक्टर कचेरी नाही. इथे टोकन मिळत नाही.' आणि त्याच्याच खाली एक ओळ, काय टाइप करायचं त्याची. बाळनी टाइप केलं. पडदा उजळला.

अपमान आणि उत्तर एकाच पाकिटात! पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला याहून घरच्यासारखं काय वाटणार? बाळ तेव्हापासून त्या लिस्टचे झाले. पोरं त्यांना 'विषयांकित काका' म्हणायला लागली. दर महिन्याच्या एका रविवारी हे लोक एका कॉलेजच्या वर्गात जमायचे, तिथे बाळ पहिल्या बाकावर. तिथेच त्यांना आनंदनं हेरलं. "मला रोज येणारा माणूस पाहिजे," तो म्हणाला. "हे पोरं येतात, शिकतात, अन् नोकरी लागली की पळतात. तुम्ही पळणार नाही."

"मी कुठे पळू?" बाळ म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी ते बसची वाट न बघता निम्मा रस्ता चालतच गेले.

धायरीच्या ऑफिसची किल्ली त्यांच्याकडे आली. सकाळी ते उघडणार, मुली जिन्यात उभ्या राहून 'गुड मॉर्निंग काका' म्हणणार. मेल सर्व्हर त्यांनी स्वतः, एकेक ओळ लिस्टवर विचारून विचारून, उभा केला. पहिली मेल आली तेव्हा त्यांनी पेढे आणले होते.

आणि तेव्हापासूनच ही भानगड.

त्या दिवशी संध्याकाळी मुली गेल्या, आनंदही स्कूटर काढून गेला. बाळ मागे राहिले, नेहमीसारखे. त्यांनी परत एकदा सगळं तपासलं. सर्व्हरनं लिहून ठेवलेल्या नोंदी वाचल्या. चूक म्हणाल तर एक नाही. अमेरिकेला फोन करून विचारलं तर ते म्हणतात आम्ही पाठवली. इथे बघावं तर आलेली दुपारी. मग मधला अख्खा वेळ मेल होती कुठे? समुद्रात? डोक्याचा नुसता भुगा. शेवटी उठले, सगळ्या खिडक्या लावल्या, सर्व्हर शिकवल्याप्रमाणे नीट बंद केला, त्याचा पंखा थांबेपर्यंत उभे राहिले, दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला, कुलूप लावलं आणि तीनदा ओढून बघितलं. बसमध्ये खिडकीशी बसूनही त्यांच्या डोक्यात तेच. आज लिस्टवर काय लिहावं?

तर त्यांनी लिहिलं. तसे ते गेले पंधरा दिवस लिहीतच होते. आणि लिस्टवर अशी काही धमाल उडालेली की विचारू नका. कुणी म्हणे पत्त्याच्या नोंदीत घोळ आहे, बाळनी ती नोंद सुधारली. कुणी म्हणे लाईन देणाऱ्या कंपनीचा दोष, बाळ त्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन लेखी तक्रार देऊन आले. कुणी म्हणे सॉफ्टवेअरच बदला, तर लगेच दुसरा म्हणे बदलाल तर पस्तावाल, आणि मग त्या दोघांचंच आठवडाभर जुंपलं, बाळ राहिले बाजूला. शंभूनं फर्मावलं, 'काका, सगळ्या नोंदी चिकटवू नका, वाचणाऱ्याचा जीव जातो. फक्त जिथे एरर आहे त्या ओळी पाठवा.' बाळ आज्ञाधारक. त्यांनी शोधलं आणि कळवलं: 'एरर निरंक.'

राजसचा बंगलोरहून फोन आला. "बाबा, मी पण आहे त्या लिस्टवर, माहितीये ना? आमच्या ऑफिसातली पोरं तुमच्या मेल्सची वाट बघतात. 'एरर निरंक' तर एकानं टेबलावर लावलंय."

"हसतात का?"

"अहो बाबा, प्रेमानं."

बाळनी फोन पद्मजाबाईंच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उगाच कुंड्या हलवायला लागले. पद्मजाबाईंनी बोलणं संपवलं, बाहेर आल्या, थोडा वेळ बघितलं.

"तुळस परवाच हलवलीत. चक्कर येईल तिला."

"पद्मा, महिना संपत आला."

"मग?"

"मग काय! देणार तो बाहेरच्या कंपनीला." त्यांनी हात झटकले. "परत आपलं सकाळी उठायचं, शर्ट घालायचा..."

एरवी पद्मजाबाई काहीतरी टोचून बोलल्या असत्या, पण त्या नुसत्या कुंडी परत जागेवर ठेवून आत गेल्या, आणि बाळना तेच जास्त लागलं.

महिन्याचा शेवटचा रविवार. कॉलेजचा तो वर्ग, भिंतीवर बदाम-बाणासकट कोरलेली प्रेमं, फळा, आणि वीस-पंचवीस पोरं. शंभू खडू घेऊन फळ्यापाशी. प्रत्यक्षात शंभू म्हणजे एक किडकिडीत मुलगा, दाढी न उगवलेला, पण बोलणं न्यायाधीशाचं.

"आज आधी काकांचं प्रकरण," तो म्हणाला. "लिस्टवर इतकं झालंय की माझ्या स्वप्नात धायरी यायला लागलीय."

त्यानं फळ्यावर इकडे अमेरिका काढली, तिकडे धायरी, मध्ये बाण. मग जो उठेल तो एक बाण पुसतोय, दुसरा काढतोय. ही मशीन त्या मशीनला विचारते, ती तिसरीला. एकानं मध्ये मुंबई घातली, दुसऱ्यानं सिंगापूर. बाळ पहिल्या बाकावर बसून प्रत्येकाकडे मान वळवत होते, टेनिसची मॅच बघावी तसे. चहा आला, थंड झाला. अर्धा फळा भरला, मग अख्खा भरला, आणि शंभू खडू हातात घेऊन नुसता बघत उभा राहिला.

"तुमचा सर्व्हर शापित आहे, काका," तो शेवटी म्हणाला. "त्याची शांत करून घ्या."

सगळे हसले. बाळही हसले, आणि हसता हसता त्यांनी बोटांवर मोजलं. उद्या सोमवार. परवा एक तारीख.

"मी एक विचारू का?"

आवाज शेवटच्या बाकावरून आला. सगळ्या माना मागे. तिथे एक मुलगी बसली होती, अख्ख्या वर्गात तेवढी एकच मुलगी, आणि ती आलीय हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ओढणी बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"मी प्रियदर्शनी. लोणी काळभोरला शिकते, हॉस्टेलला असते. मूळची उमरखेडची. लिस्ट वाचते मी, लिहीत नाही." मग एकदम घाईघाईनं, "मला यातलं काही येत नाही, मी आत्ताच शिकून राहिले. चुकीचं असलं तर जाऊ द्या."

"विचार ना," शंभू म्हणाला. "चुकीचं असलेलं सगळं आम्ही फळ्यावर लिहिलंच आहे."

ती शंभूकडे बघत नव्हती, काकांकडे बघत होती. "काका, तुमच्या ऑफिसात रात्री लाईट जाते का?"

"लाईट? छे!" बाळ म्हणाले. "एखाद्या वेळेस जाते, नाही असं नाही. पण रोज रात्री कुठली जायला?" आणि मग, तिचं समाधान व्हावं म्हणून, अगदी सहज, "लाईट मीच बंद करून जातो ना. मेनच ओढतो. रोज."

शंभूनं हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला.

"म्हणजे," शंभूनं फार हळू विचारलं, "सर्व्हरसुद्धा?"

"सर्व्हर आधी नीट बंद करतो! एकदम मेन नाही हो ओढत, मला कळतं तेवढं. आधी सर्व्हर, मग मेन, मग कुलूप. सकाळी येऊन उघडतो."

शंभू खाली बसला. बाकावर नाही, खाली, फळ्याच्या चौथऱ्यावर, खडूच्या धुळीत. आणि मग जो काही हशा फुटला! कुणी बाकावर हात आपटतंय, कुणी डोळे पुसतंय, एकजण तर वर्गाबाहेरच जाऊन हसून आला. बाळ एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते, तोंडावर अजून ते मघाचं हसूच, कारण त्यांना क्षणभर कळलंच नव्हतं. मग कळलं. रात्रभर अमेरिका दार वाजवत होती, आणि दाराला कुलूप होतं, आणि ते कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस पंधरा दिवस जगाला विचारत होता की पाहुणे का येत नाहीत. सकाळी मशीन उघडलं की तिकडचा सर्व्हर लगेच थोडाच येतो. तो आधीच चार वेळा येऊन गेलेला असतो, आता त्याला वाटेल तेव्हा परत येतो. म्हणून दुपार!

त्यांचे कान लाल झाले. त्यांनी खिशाचं पेन काढलं, परत लावलं.

प्रियदर्शनी तेवढी हसत नव्हती. ती पुढे येऊन त्यांच्या बाकाशी उभी राहिली. "काका, आमच्या हॉस्टेलच्या रेक्टर मॅडम पण रात्री मेन बंद करतात. मी रात्री एवढी मोठी सीडी कॉम्प्युटरवर चढवायला लावून ठेवायची, सकाळी पाहते तर पुन्हा पहिल्यापासून. मला तर वाटलं लिनक्सच असं आहे, रोज सकाळी विसरते. महिनाभर कोणाला विचारलं नाही, लाज वाटे. म्हणून मला सुचलं. ह्यांना कसं सुचेल? ह्यांच्या घरी कोणी बंदच करत नाही."

बाळनी तिच्याकडे बघितलं. "आमच्या शाखेत एकदा पंखा चालू राहिला होता रात्रभर," ते म्हणाले. "जळून खाक झालं असतं सगळं. तेव्हापासून शेवटच्या माणसानं मेन ओढायचा, असा नियमच. शेवटचा माणूस म्हणजे मी." त्यांनी फळ्यावरच्या बाणांकडे बघितलं. "मला वाटलं, हे काय सांगायचं? दिवस संपला की बंद करतातच."

"काका," शंभू उठून धूळ झटकत म्हणाला, आणि आता त्याचा आवाज न्यायाधीशाचा नव्हता, "लिस्टवर उत्तर टाका हं. ते तुम्हालाच टाकावं लागतं."

तो नियमच होता तिथला. ज्याचा प्रश्न सुटला त्यानं काय सुटलं ते सगळ्यांना लिहून कळवायचं, म्हणजे पुढे कुणी नवखा अडला तर त्याला शोधल्यावर सापडतं. मदतीची फी म्हणा हवं तर, तेवढीच.

बाळ तडक धायरीला गेले. रविवारचं ऑफिस, सगळं बंद. मेन वर केला, सर्व्हर चालू केला, हिरवा दिवा लागला. आणि मग निघायची वेळ आली, आणि पाय निघेनात. चालू ठेवून जायचं? वायर हात लावून बघितली, गरम नाही. परत बघितली. शेजारच्या फ्लॅटमधल्या बापूरावांना सांगितलं, काही वास आला तर मला फोन करा. जिना उतरले, वर चढून आले, दाराला कान लावला. आत पंख्याची घरघर. एखाद्या तान्ह्याला झोपवून बाहेर पडावं, तसे ते चवड्यांवर उतरले.

घरी येऊन त्यांनी पद्मजाबाईंना सगळं सांगितलं. पद्मजाबाईंनी पदर तोंडाला लावला, खांदे गदगदा हलले, मग डोळे पुसून म्हणाल्या, "मग आता लिहा."

"शेकडो माणसं आहेत त्या लिस्टवर. राजस आहे. राजसचं ऑफिस आहे."

"माझं फळ्यावर गणित चुकतं तेव्हा मी काय करते?"

"काय करतेस?"

"पुसत नाही. चौकट करते त्याला. म्हणते, पोरांनो, इथे बाई चुकल्या, तुम्ही इथे चुकू नका." आणि वर, "आणि एकदाचं लिहा, म्हणजे माझी तुळस सुटेल."

बाळनी लिहिलं. भाषा त्यांची ती बदलली नाही, बदलताच येत नव्हती. 'विषयांकित समस्येचे निराकरण झाले आहे. निम्नस्वाक्षरीकार दररोज संध्याकाळी सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद करीत होता. हे त्याने कोणास सांगितले नाही, कारण यात सांगण्यासारखे काही आहे असे त्यास वाटले नाही. सदर बाब कुमारी प्रियदर्शनी यांचे एका प्रश्नामुळे उघडकीस आली. नवीन शिकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.' खाली पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड. बटण दाबलं आणि खुर्ची मागे ढकलून उठलेच, पडद्याकडे बघेनात.

लिस्टवर चार दिवस हसणं चाललं, ते चालायचंच. पण तिघांनी त्यांना एकट्याला, लिस्टवर न टाकता, लिहिलं. त्यातला एक नाशिकचा डॉक्टर होता. 'देवस्थळी साहेब, आमच्या दवाखान्यातही मी रात्री बंद करतो. आता कळलं. कृपया कुणाला सांगू नका.'

सोमवारी सकाळी बाळनी ऑफिस उघडलं तेव्हा सगळी मेल येऊन पडलेली होती. सगळी. मुली बसल्या ते लगेच कामालाच लागल्या, सृष्टीनं तर किंकाळीच फोडली. आनंद आला तसा बाळ त्याच्यापुढे उभे राहिले आणि काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

आनंद मटकन खुर्चीत बसला. "काका, चोवीस तासांची लाईन घेऊन ठेवली मी! अन् तुम्ही रोज रात्री..." मग त्याला हसू फुटलं, खुर्चीत मागे रेलून हसला. "जाऊ द्या. माझी आजी पण देवाला झोपवल्याबिगर झोपत नव्हती. मेल इथेच राहते, काका. बाहेर नाही देत. डब्बा राहते."

बाळनी किचनमध्ये जाऊन ग्लासभर पाणी एका दमात संपवलं. डब्बा राहते!

आणि मग सगळं इतकं सुरळीत झालं, की आनंदला नवीन कल्पना सुचायला लागल्या. मेल जर पहाटेच येऊन पडते, तर मुलींनी नऊला कशाला यायचं? सहाची शिफ्ट करू, काम दुपारपर्यंत संपेल, तिकडचा माणूस खूश, आणखी एक डॉक्टर मिळेल. मिळालाही. पण सहाला उघडणार कोण? बाळ म्हणाले, मी येतो. पहिली बस कधी असते, तेही त्यांनी विचारून ठेवलं होतं.

"नाही नाही काका, या वयात कशाला? सृष्टी पलीकडेच तर राहते." आनंदनं अगदी मनापासून सांगितलं. "तुम्ही आरामात येत जा. अन् रोज कशाला? सर्व्हर तर आता आपला आपण चालून राहिला. काही अडलं तर मी फोन करीन ना. पगार तोच."

सृष्टीनं दोन्ही हात पुढे करून किल्ली घेतली. "न्हाई उशीर व्हनार काका, शप्पत," ती म्हणाली. आणि खरंच, एक दिवसही झाला नाही.

पुढच्या सोमवारी बाळ आपल्या नेहमीच्या वेळेला आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सगळ्या मुली कानाला हेडफोन लावून बसलेल्या, डॉक्टरांचं बोलणं चालू-बंद करायचं पायाखालचं पेडल दाबत, सोडत, बोटं चालू. "गुड मॉर्निंग," बाळ म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. एका मुलीला नजरेच्या कोपऱ्यात ते दिसले, तिनं मान हलवली आणि पेडल दाबलं.

ते किचनमध्ये गेले. सर्व्हरच्या रात्रीच्या नोंदी उघडल्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. कुठे खंड नव्हता. सगळी रात्र, मिनिटामिनिटाची, लिहिलेली होती. त्यांनी पडदा पुसला. ओटा पुसला. वायर हातात घेऊन बघितली. फोन वाजला, तो आनंदसाठी होता.

मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. साडेदहासुद्धा वाजले नव्हते. मेथीची भाजी होती, पोळ्या अजून गरम होत्या. सर्व्हरकडे पाठ होऊ नये म्हणून बाळनी स्टूल जरासं तिरकं केलं, आणि सावकाश, एकेक घास चावून चावून, ते जेवले.